बारीक अक्षरं

नागपूरच्या माणसाला काहीतरी जळाल्याचा वास चटकन कळतो. आमचा उन्हाळाच असा, की त्या दोन-अडीच महिन्यांत कुणाच्या कूलरची मोटर जळते, कुणाच्या पंख्याचं वाइंडिंग जळतं, आणि कुणाच्या घरचा फ्यूज तर दिवसाआड उडतो. पण २००८ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत जो वास सुटला, तो यांतला कुठलाच नव्हता. तो वास माझ्या नातवाच्या चार्जरचा होता, आणि तो चार्जर जाळणारा इसम मीच होतो.

आता चार्जर कुणाच्याही हातून जळेल. पण मी एकतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेला माणूस. त्यात ट्रान्सफॉर्मरचा धडा म्हणजे माझा हातखंडा. फळ्यावर दोन वेटोळी काढायची, एकाला प्राथमिक म्हणायचं, दुसऱ्याला द्वितीयक म्हणायचं, आणि वेढ्यांच्या प्रमाणात दाब कसा कमीजास्त होतो ते खडू झिजेपर्यंत समजावायचं. त्या धड्यावर माझे विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण मिळवत. तोच धडा मास्तरांनी घरी गिरवला, आणि मास्तर नापास झाले!

झालं ते असं. आमचे चिरंजीव अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन नावाच्या गावी असतात. हे नाव त्या दिवे लावणाऱ्या एडिसनवरूनच पडलं आहे. त्या गावाच्या हद्दीत मेन्लो पार्क म्हणून जागा आहे. तिथल्या प्रयोगशाळेत १८७९ साली त्याने विजेचा दिवा पेटवून दाखवला. पूर्वी गावाचं नाव दुसरं होतं, १९५४ साली ते बदलून एडिसन केलं. आज तिथे मराठी बिऱ्हाडं इतकी आहेत, की गणपतीच्या दिवसांत मोदकांना माणसं कमी पडत नाहीत.

तर त्या गावाहून सूनबाई आणि आमचा नऊ वर्षांचा नातू सहा आठवड्यांसाठी नागपूरला आले. नातवाजवळ हातात धरून खेळायचं एक यंत्र होतं. चुन्याच्या डबीसारखं ते उघडायचं. वरच्या झाकणात एक पडदा, खालच्या अंगाला दुसरा. त्या खालच्या पडद्यावर एक कुत्र्याचं पिल्लू राहत असे. त्याला वेळेवर खाऊपिऊ घालायचं, आंघोळ घालायची, फिरायला न्यायचं. यंत्राला बारीकसा कानही होता. नातवाने नावाने हाक मारली की पिल्लू शेपूट हलवत धावत येई. मी दोन-तीनदा "ये रे, ये रे" म्हणून पाहिलं. पिल्लाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, कुत्रंसुद्धा अमेरिकनच निघालं.

पाचव्या दिवशी यंत्रावरचा हिरवा दिवा लाल झाला. चार्जर बॅगेतून निघाला खरा, पण त्याच्या पिना चपट्या, दोन पात्यांसारख्या. आणि आमच्या भिंतीला तीन गोल भोकं. आता काय करायचं? सूनबाई म्हणाली, "बाबा, ह्यांना फोन करून विचारू या का?" त्यावर मी हसलो. एवढ्याशा गोष्टीसाठी समुद्रापार फोन? मी पायात चपला सरकवल्या आणि बर्डी गाठली. बर्डी म्हणजे सीताबर्डी, हे नागपूरकराला सांगायला नको. तिथे मोदी नंबरच्या गल्ल्यांत विजेची वस्तू मिळत नाही असं सहसा होत नाही. दुकानदाराने मला बोटभर लांबीचं पांढरं प्लास्टिक काढून दिलं. एका अंगाला चपट्या भोकांची सोय, दुसऱ्या अंगाला आपल्या गोल पिना. "कन्व्हर्टर आहे, काकाजी," तो म्हणाला. कन्व्हर्टर! म्हणजे बदलणारा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! ते बापडं फक्त पिनेचा आकार बदलतं. भिंतीतून येणारी वीज ते जशीच्या तशी पुढे सोडतं.

मी घरी आलो आणि नातवाला म्हणालो, "बघ, आबांनी कशी युक्ती केली." ते दिवस महाराष्ट्रात भारनियमनाचे होते. वीज कधी जाईल याचा नेम नसे, पण त्या संध्याकाळी ती नेमकी होती. बटण दाबलं. चार्जर क्षणभर घुमला. मग तो चुलीवरच्या तव्यासारखा तापला, आणि मघाशी सांगितलेला वास सुटला. मी बटण बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं.

चष्मा लावून चार्जर उलटा केला. पाठीवर राईएवढ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. बस्स, एवढंच. आमच्या भिंतीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ज्या वेटोळ्यात १२० व्होल्टच सोसतील इतके वेढे आहेत, त्याच्यावर मी जवळजवळ दुप्पट दाब सोडला होता. अशा वेळी आतल्या लोखंडाची चुंबकत्व धरण्याची ताकद संपते, वेटोळं भरमसाट वीज ओढू लागतं, तार तापते आणि तिच्यावरचा लेप जळतो. हे मी मुलांना किती वेळा सांगितलं असेल! फळ्यावरच्या वेटोळ्याला वास येत नाही, एवढाच काय तो फरक.

मला वाटलं होतं, पोरगा भोकाड पसरेल. तो रडला नाही. डबी मिटून छातीशी धरून बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आबा, आता त्याला पाणी कोण देईल?"

मी आधी हसलोच. म्हटलं, "अरे, ते चित्रातलं कुत्रं, त्याला कसली तहान?" माझं हे बोलणं त्या जळालेल्या चार्जरपेक्षा वाईट होतं, हे मला त्या रात्री कळलं. पाण्याचा तांब्या घ्यायला उठलो, तर पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज आला. तो आईला इंग्रजीत विचारत होता, की आपण घरी कधी जायचं? आणि घर म्हणजे नागपूर नव्हे, हे तर उघडच होतं.

तांब्या हातात धरून मी अंधारात बराच वेळ उभा होतो. त्या पाच दिवसांत मी काय काय केलं होतं ते एकेक डोळ्यांपुढे आलं. येईल त्या पाहुण्यासमोर त्याला उभं करून श्लोक म्हणायला लावले होते. "मराठीत बोल, मराठीत बोल," म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य अर्ध्यात तोडलं होतं. सकाळी तर्रीपोहे, दुपारी पुडाची वडी, संध्याकाळी संत्र्याची बर्फी, आणि नको म्हटलं की आजीचा चेहरा उतरलेला. माझ्या मनात होतं ते प्रेमच. त्यात खोट नव्हती. पण दीड वर्षाचं साठलेलं प्रेम मी पाच दिवसांत एकदम सोडलं होतं, आणि समोरच्या जिवाला किती सोसतं, ते कुठे लिहिलं आहे का, हे उलटून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी श्लोकांचं नाव काढलं नाही. नातूच फाटकाशी उभा राहून गल्लीतल्या एका लंगड्या कुत्र्याकडे पाहत होता. पहिल्या पावसानंतरची नागपुरी उकड होती, आणि कुत्रं धापा टाकत सावली शोधत होतं. पोरगा आत आला आणि आजीकडून मातीचं एक परळ मागून घेऊन, त्यात पाणी भरून, फाटकाबाहेर ठेवून आला. म्हणाला, "याला तरी देऊ." मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. आम्ही दोघं काही न बोलता कुत्र्याचं पाणी पिणं पाहत राहिलो. त्या भेटीतली आमची ती पहिली खरी बैठक.

दुपारी त्याला बरोबर घेऊनच बर्डीवर गेलो. एका जिन्याखाली, टेबलभर उघड्या रेडिओंच्या पसाऱ्यात बसणारा एक दुरुस्तीवाला मला ठाऊक होता. त्याने चार्जर हातात घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, काऊन असं केलं तुम्ही? पिन बदलली म्हनजे करंट बदलते काय?" मी शास्त्राचा मास्तर आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्याने आम्हांला दोन रस्ते दाखवले. पहिला रस्ता म्हणजे २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर. विटेएवढं वजन, पण तो चार्जर जळण्यापूर्वी लावायचा होता! दुसरा रस्ता त्याने स्वतःच काढला. जळक्या चार्जरच्या पाठीवर आउटपुटचा आकडा होता, पाच व्होल्टच्या आसपास. तेवढाच दाब देणारा मोबाइलचा एक चार्जर त्याने खोक्यातून काढला. त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं, १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. मग जुन्या चार्जरची यंत्राकडची वायर कापून त्याने नव्याला जोडली. जोडण्याआधी मीटर लावून दाब मोजला, आणि अधिक कुठलं, उणं कुठलं ते दोनदा तपासलं. नातू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून पाहत होता. काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे बसले. यंत्र लावलं, आणि लाल दिव्याशेजारी पिवळा दिवा लागला.

वाचकहो, हे असलं जोडकाम तुम्ही घरी करू नका. आकडा चुकला किंवा अधिक-उणं उलटं झालं, तर चार्जरबरोबर यंत्रही हातचं जायचं. पण त्या दिवशी त्या माणसाने आमची अब्रू राखली.

घरी परतल्यावर नातू स्वतःहून म्हणाला, "आबा, तुला त्याला काही शिकवायचंय?" त्या पिल्लाला शब्द शिकवता येत. ते बसलं की आपण जो शब्द उच्चारू, तो त्याच्या लक्षात राही. मी यंत्राच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "बस." पिल्लाने मान वाकडी केली. नातू म्हणाला, "इतक्या जोरात नको. हळू." मी हळू म्हणालो. चार-पाच वेळा म्हणावं लागलं. मग ते बसलं, आणि आम्ही तिघंही, म्हणजे मी, नातू आणि दारात उभी असलेली आमची सौ., एकदम हसलो. उरलेल्या पाच आठवड्यांत पोराने किती मराठी उचलली हे मी मोजलं नाही. मोजत नव्हतो म्हणूनच त्याने उचलली असावी.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०१० साली, आम्ही दोघं एडिसनला गेलो. बॅगा भरताना सौ.ने घरचा मिक्सर बाहेर काढला; तिकडच्या यंत्रात चटणी बारीक होत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी चष्मा लावून मिक्सर उलटा केला. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. "हा इथेच राहू दे," मी म्हणालो. "तिथे जळेल?" तिने विचारलं. जळला नसताच कदाचित, पण निम्म्या दाबावर तो धापा टाकत फिरला असता आणि चटणी भरडच राहिली असती. तिथे पोचल्यावर पहिले पंधरा दिवस माझीही गत त्या मिक्सरसारखीच झाली. रस्त्यावर माणूस नाही, हाक मारायला शेजारी नाही. मी फिरत होतो, पण जोर नव्हता. तेव्हा अकरा वर्षांच्या नातवाने मला सांभाळलं. माझ्या मोबाइलचा चार्जर मी खिशातून काढताच त्याने तो हातातून घेतला, उलटा केला, आणि मोठ्याने वाचलं, "शंभर ते दोनशे चाळीस. चालेल, आबा. फक्त पिन हवी." आणि खणातून एक पिन आणून दिली. एका रविवारी तो मला मेन्लो पार्कचा मनोरा दाखवायला घेऊन गेला. उंच मनोऱ्याच्या टोकावर विजेचा एक प्रचंड दिवा बसवला आहे. त्याच्या खाली उभं राहून मी त्याला माझा धडा सांगितला.

हे दोन आकडे मुळात आले कुठून? एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, तेव्हा त्याच्या दिव्यांना मानवेल असा ११० व्होल्टच्या आसपासचा दाब ठरला. पुढे त्याची एकाच दिशेने वाहणारी वीज मागे पडली आणि सेकंदाला ठरावीक हेलकावे घेणारी वीज आली, पण आकडा साधारण तोच राहिला. आज तो १२० आहे. युरोपने एकोणिसावं शतक संपता संपता दाब दुप्पट केला, कारण तेवढ्याच तांब्याच्या तारेतून मग जास्त वीज नेता येते. आपल्याकडे वीज इंग्रजांबरोबर आली, म्हणून आपण त्या गोटात. जपानची तर आणखीच गंमत. दाब सगळीकडे १०० व्होल्ट; पण टोकियोने यंत्रं जर्मनीची घेतली आणि ओसाकाने अमेरिकेची, म्हणून पूर्वेकडे ५० हेलकावे आणि पश्चिमेकडे ६०. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी ते घर अजून दोन चुलींवरच चाललं आहे.

पिनांची कथा तशीच. अमेरिका आणि जपानच्या पिना दोन चपट्या पात्यांच्या. इंग्लंड, दुबई, सिंगापूर इथे तीन जाड चौकोनी पिना, आणि प्लगच्या पोटातच फ्यूज. युरोपात दोन गोल, त्या पुष्कळदा आपल्या भोकांतही बसतात. ऑस्ट्रेलियात पाती तिरकी. आपल्या तीन गोल पिना मूळच्या इंग्रजांच्याच. त्यांनी १९४७ साली नवी घडण आणली, आणि आपण जुनीच सांभाळून राहिलो.

पूर्वीच्या चार्जरमध्ये लोखंडावर गुंडाळलेलं वेटोळं असे, म्हणून तो जड असे आणि एकाच दाबाला बांधलेला असे. आताचा चार्जर आलेली वीज आधी सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतो, आणि पुढे किती हवी तेवढीच मोजून सोडतो. मागून १०० व्होल्ट येवोत की २४०, त्याला फिकीर नाही. म्हणून परदेशी निघताना नातवंडांच्या खेळाच्या यंत्राचा चार्जर आधी उलटा करावा. १०० ते २४० आणि ५०/६० हे आकडे दिसले, तर नुसती पिन पुरे. एकच आकडा दिसला, आणि तो जायच्या देशाचा नसला, तर चार्जर घरीच ठेवावा. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, पाण्याची किटली यांवर बहुधा एकच आकडा असतो, त्यांच्या वाटेला जाऊच नये. आणि जादा बॅटऱ्या किंवा पॉवर बँक असेल, तर ती विमानात हातातल्या बॅगेत ठेवावी, सामानात टाकू नये.

२०२४ च्या डिसेंबरात नातू पुन्हा नागपूरला आला. आता तो पंचविशीतला गृहस्थ. खेळायचं यंत्र मात्र सुटलेलं नाही. नवं यंत्र पाटीएवढं, आणि त्याचा चार्जर कुठल्याही देशाची वीज पचवणारा. तो सांगत होता, की युरोपात याच महिन्याच्या २८ तारखेपासून कायदा लागू होतो आहे. मोबाइल, कॅमेरे आणि हातात धरून खेळायची यंत्रं, सगळ्यांना चार्जर लावायचं तोंड एकाच घडणीचं, टाइप-सी. मी म्हटलं, "म्हणजे आता आबांना काही जाळता येणार नाही."

तो हसला आणि बॅगेतून ती जुनी चुन्याची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. मीही उठलो. कपाटाच्या खणात, जुन्या चाव्या आणि चष्म्यांच्या घरांखाली, काळ्या चिकटपट्टीची ती वायर सोळा वर्षं पडून होती. दोघांनी आधी पाठीवरची अक्षरं वाचली, मग चिकटपट्टी सुटली नाही ना ते पाहिलं, आणि मगच जोडली. पिवळा दिवा लागला. पिल्लू पडद्यावर आलं, मळलेलं, भुकेलेलं आणि तहानलेलं, पण तेवढंच लहान. नातवाने आधी त्याला पाणी दिलं. मग यंत्र माझ्या तोंडाजवळ धरलं.

"बस," मी म्हणालो. पिल्लाने ओळख दिली नाही. माझा आवाज आता पूर्वीचा राहिलेला नाही. पंचाहत्तरीत तो कापतो. दुसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा त्याने मान वाकडी केली.

"हळू, आबा," नातू म्हणाला. "घाई नाही."

तिसऱ्यांदा मी अगदी हळू म्हणालो, आणि ते बसलं.